ऑपरेशन पाच मिनिटांचं, बूट तेवीस तासांचे

लेकीच्या पायाबद्दल बोलताना फोनवर आईला "ऑपरेशन" हा शब्द सांगितला तीच चूक झाली. तिकडे रात्रीचे अकरा वाजलेले, त्यानंतर घरात कोणी झोपलंच नाही आणि उजाडायच्या आत काका, आत्या, मावशी सगळ्यांचे मेसेज, "अरे सात आठवड्यांच्या जीवाला कुठे चाकू लावताय, जरा मोठी तरी होऊ दे." म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहितोय.

तर लेकीचा डावा पाय जन्मतःच आत वळलेला, टाच वर ओढलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे बघतोय असा. याला क्लबफूट म्हणतात. साधारण हजारात एका बाळाला असतं, मुलींपेक्षा मुलांना जास्त, आणि कारण बहुतेक वेळा सापडतच नाही. त्यामुळे हिच्या आईने नऊ महिन्यांत काय करायला नको होतं याचा हिशोब प्लीज कोणी मांडू नका, तो तिने स्वतःच रात्र रात्र जागून मांडून झालाय.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतच कळलं होतं, तेव्हा मलाही वाटलं की आता पाय उघडून मोठं काहीतरी करणार. पूर्वी करायचे तसं, पण मग मोठेपणी ते पाय आखडायचे, दुखायचे. आता पोन्सेटी पद्धत वापरतात. हे इग्नासिओ पोन्सेटी मूळचे स्पेनचे, तिथल्या यादवी युद्धात जखमींवर उपचार केले, नंतर अमेरिकेत आयोवाला गेले आणि तिथे ही प्लास्टरची पद्धत बसवली. बाकीच्या डॉक्टरांनी कित्येक वर्षं ती फारशी मनावर घेतली नाही, शेवटी १९९० च्या दशकात आईबापांनीच इंटरनेटवर एकमेकांना सांगून पसरवली (हे वाचून मला जाम बरं वाटलं).

दुसऱ्या आठवड्यापासून प्लास्टर सुरू, बोटांपासून पार मांडीपर्यंत. दर आठवड्याला जुनं काढायचं, डॉक्टर अंगठ्याने पाय थोडासा बाहेर वळवून धरणार, तसाच धरून नवीन घालणार, आणि मी तिच्या तोंडाशी बाटली धरून उभा, कारण भुकेली असली की दूध पिताना पाय ढिला सोडते. घरी आंघोळ बंद, नुसतं पुसून काढायचं, आणि दर डायपरला बोटं दाबून बघायची, पांढरी झाली की लगेच गुलाबी होतात ना. पाच प्लास्टरमध्ये पाय सरळ झाला, पण टाच खाली येईना.

ऑपरेशन म्हणजे तेवढंच, टाचेमागची जी जाड शीर असते (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी) ती कापायची. इथली भाषा मला कामापुरती येते, पण ऑफिसात टाचेच्या शिरेवर कोण बोलतंय, त्यामुळे "पूर्ण कापणार" एवढंच नीट कळलं आणि माझे पायच गळाले. मग नर्सने कागदावर चित्र काढून दाखवलं की ती तीन आठवड्यांत लांब होऊन परत जुळते. जागा बधिर केली, आम्हाला बाहेर बसवलं, पाच मिनिटांत लेक परत, नवीन प्लास्टरसकट. टाका एकही नाही.

टाचेपाशी प्लास्टरवर नाण्याएवढा लाल डाग होता. नर्सने त्याच्याभोवती पेनाने गोल काढला, बाजूला वेळ लिहिली आणि म्हणाली, डाग या गोलाबाहेर गेला तरच फोन करा. त्या रात्री मी मोबाइलच्या उजेडात तो गोल किती वेळा बघितला ते विचारू नका. ती मस्त झोपली होती. डाग होता तेवढाच राहिला.

खरी कसोटी त्याच्यापुढची आहे, बूट. दोन बूट, मध्ये दांडी, चांगल्या पायालाही घालायचाच. तीन महिने दिवसाचे २३ तास, मग चार-पाच वर्षांची होईपर्यंत झोपताना. इथे ढिलाई केली की पाय परत वळतो, म्हणून "रडतेय रे, आज राहू दे" असं कृपया कोणी म्हणू नका, मी विरघळतो. पहिल्या दोन रात्री वाईट गेल्या, आता दोन्ही पाय एकदम उचलून दांडी पाळण्यावर आपटते, खट्ट, आणि स्वतःच दचकते.

आई, तू व्हिडिओ कॉल इथल्या सहा ते सातमध्ये लाव. तुमच्याकडे उशीर होईल, पण तेवढा एक तास तिचे पाय मोकळे असतात.