न्यूझीलंडला कॅम्परनं फिरताना: रात्रीचा मुक्काम आणि संडासाचा हिशोब

नागपूरहून पुण्याला ट्रॅव्हल्सनं जायचं असलं की आमच्या घरातल्या बायकांचं पाणी दुपारीच बंद होतं. ढाब्यावर गाडी कधी थांबेल, थांबलीच तर तिथल्या दाराला कडी असेल का, याचा काही भरवसा नसतो. पुरुषांना हे कितीही सांगा, समजत नाही. दिवाळीच्या सुट्टीत न्यूझीलंडला कॅम्परनं, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीनं, फिरायचं ठरलं तेव्हा नवऱ्यानं नकाशा उघडला, चिरंजीवांनी धबधबे शोधले, आणि सासूबाईंनी एवढंच विचारलं, "रात्री थांबाचं कुठं अन् जाचं कुठं?"

वाचायला बसले तेव्हा कळलं की त्या देशाच्या कायद्यालाही नेमका हाच प्रश्न पडलेला आहे. पूर्वी तिथं पर्यटक मोटारीत झोपायचे आणि सकाळी झुडपामागे जायचे. तळ्याकाठच्या गावांना त्याचा वैताग आला. २०११ मध्ये फ्रीडम कॅम्पिंगचा, म्हणजे उघड्या सरकारी जागेत फुकट मुक्काम करण्याचा, कायदा झाला आणि २०२३ मध्ये तो आणखी आवळला. आता पालिकेच्या जागेत फुकट रात्र काढायची असेल तर गाडी बहुतेक ठिकाणी 'सेल्फ-कन्टेन्ड' हवी. म्हणजे तीन दिवस बाहेरून पाणी न घेता आणि काहीही बाहेर न सोडता राहता आलं पाहिजे. माणशी १२ लिटर पिण्याचं पाणी, सांडपाण्याची टाकी, झाकणाची कचरापेटी आणि गाडीत पक्का बसवलेला संडास. त्यात एक अट मला फार आवडली: पलंग पूर्ण अंथरलेला असतानाही तो संडास वापरता आला पाहिजे. हा नियम लिहिणारा माणूस रात्री दोन वाजता कधीतरी नक्की उठला असणार. सगळं तपासून काचेवर हिरवं कार्ड लावतात. ते नसेल तर काही शे डॉलर दंड.

म्हणून गाडी ठरवताना पलंग किती, टीव्ही आहे का, हे सगळं मागे ठेवा. आधी संडासाचं बघा. भाडं कमी म्हणून छोटी व्हॅन घेतली आणि तिच्यात हे कार्ड नसलं, तर वाचलेले पैसे रोजच्या कॅम्पिंगच्या जागेत जातात.

ऑकलंडला गाडी ताब्यात घेतली. दार उघडताच सासूबाई उंबऱ्यातच थबकल्या. डावीकडे शेगडी, तिच्यापासून हातभर अंतरावर संडासाचं दार. "काहून वं, ओट्याले लागून संडास?" मी म्हटलं, आई, झाकण आहे, दार आहे, वर पंखाही आहे. त्या काही बोलल्या नाहीत, पण पहिल्या रात्री फोडणी देताना ते दार घट्ट लावलंय ना हे त्यांनी दोनदा बघितलं.

आता आपल्या लोकांचा खरा प्रश्न, जो भाड्यानं गाडी देणारे कधी सांगत नाहीत कारण त्यांना तो पडतच नाही. या संडासाखाली एक पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. साधारण १७ ते २० लिटरची. कागद वापरणाऱ्या दोघांना ती दोन-तीन दिवस सहज पुरते. आपण पाणी वापरणारे, शिवाय चौघे. पेटी भरल्याचा दिवा लाल व्हायला वेळ लागत नाही. यावर आम्ही काढलेला तोडगा असा: पाण्यासाठी छोटी दाबायची बाटली ठेवायची, तांब्या नाही. दिवसभर वाटेतले सार्वजनिक संडास वापरायचे आणि गाडीतला फक्त रात्रीसाठी आणि अडीअडचणीसाठी. न्यूझीलंडमध्ये हे जमतं, कारण तिथं छोट्याशा गावातही, बागेशेजारी, समुद्रकिनारी, फुकट आणि स्वच्छ संडास सापडतो. पाणी मात्र तिथंही फक्त हात धुण्याच्या नळालाच असतं, तेव्हा बाटली पर्समध्ये.

सार्वजनिक संडासाचा विषय निघालाच आहे तर कावाकावाचं सांगते. उत्तरेकडच्या या गावात मुख्य रस्त्याच्या मधून रेल्वेचा रूळ जातो, पण लोक फोटो काढायला थांबतात ते संडासापाशी. हुंडर्टवासर नावाचा ऑस्ट्रियन चित्रकार त्या गावाजवळ राहायचा. त्यानं तो बांधला, १९९९ मध्ये खुला झाला. भिंतीत रंगीत बाटल्या चिणलेल्या, वाकडेतिकडे खांब, छतावर गवत, फरशांवर तिथल्या शाळकरी पोरांचं काम. सासूबाई आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "देवळावानी बांधलं बाप्पा!" नागपुरात कोणी नामवंत कलाकाराला सुलभ शौचालयाचं काम सांगितलं तर तो ते घेईल का, याची मला शंका आहे.

आता कॅसेट रिकामी करण्याचं. गाडीच्या बाहेरच्या बाजूला छोटं दार असतं, तिथून पेटी ओढून काढायची. तिला चाकं आणि दांडा असतो, त्यामुळे बॅगेसारखी ओढत न्यायची. ओतण्याची जागा ठरलेली, तिला डम्प स्टेशन म्हणतात. गावाच्या कडेला, पेट्रोलपंपावर, हॉलिडे पार्कमध्ये (पैसे देऊन गाडी लावायच्या, सोयींच्या जागेत), बऱ्याच ठिकाणी फुकट. तोटी फिरवायची, हवेचं बटण दाबून हळूहळू ओतायचं. बटण विसरलात तर भसाभस उसळतं. मग तिथल्या नळानं दोन पाणी घालून हलवायची, पुन्हा ओतायची, औषध टाकून परत बसवायची. तिथं दोन नळ असतात. कॅसेट धुण्याचा वेगळा, पिण्याच्या पाण्याचा वेगळा, आणि त्यांची गल्लत कधीच करायची नाही. भांड्यांचं आणि अंघोळीचं सांडपाणी वेगळ्या टाकीतून पाइपानं सोडायचं. यातलं काहीही सार्वजनिक संडासात ओतायचं नाही, आणि गटारात ओतणं तर गुन्हा आहे.

पहिल्यांदा हे काम नवऱ्यानं हातमोजे, मास्क आणि चेहऱ्यावर भलताच गंभीर भाव घेऊन केलं. दुसऱ्यांदा मी गेले. तिसऱ्या खेपेला सासूबाई म्हणाल्या, मी येतो. त्यांचं माहेर वर्ध्याचं. लहानपणी वडिलांनी सेवाग्रामला शिबिराला धाडलं होतं आणि तिथं संडाससफाईची पाळी प्रत्येकाला होती, ब्राह्मणाच्या पोरीलाही. घरी आल्यावर आजीनं त्यांना अंगणातच अंघोळ घातली होती म्हणे. त्या हे हसत सांगत होत्या आणि हातानं कॅसेट खळखळून धूत होत्या. शेजारी एक जर्मन म्हातारा आपली कॅसेट घेऊन उभा होता, त्यानं त्यांना आदरानं जागा करून दिली. आपल्याकडे हे काम कोणी करायचं ते जन्मावरून ठरत आलं. हातानं मैला उपसण्यावर १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे करून बंदी घालावी लागली, तरी गटारात माणसं उतरतातच. तिथं गाडीचं भाडं भरलेल्या प्रत्येकाला आपली घाण आपणच ओढत न्यावी लागते, मग तो डॉक्टर असो की वकील. डम्प स्टेशनच्या रांगेत उभं असताना मी याचाच विचार करत होते.

मुक्कामाचं म्हणाल तर आम्ही आलटून पालटून केलं. दोन रात्री साध्या जागी, मग एक रात्र हॉलिडे पार्कमध्ये. पार्कात खांबाला केबल जोडून वीज मिळते, गरम पाण्याच्या अंघोळी, कपडे धुण्याचं मशीन, डम्प स्टेशन आणि मोठं सामाईक स्वयंपाकघर. या स्वयंपाकघराची किंमत नागपूरकरालाच कळेल. गाडीत मोहरी तडतडली की धुराचा अलार्म बोंबलतो आणि शेजारच्या गाडीतली माणसं डोकं बाहेर काढतात. सामाईक स्वयंपाकघरात तर्री करता येते. (विमानतळावर सावजी मसाला जाहीर करून नेला होता. अधिकाऱ्यानं पाकीट बघितलं, नाक जवळ नेलं आणि जाऊ दिलं. मध मात्र अजिबात नेऊ नका.)

साध्या जागा म्हणजे सरकारच्या निसर्गसंवर्धन खात्याच्या. त्या खात्याला तिकडे सगळे डॉक म्हणतात. तळ्याकाठी, जंगलात, अशा ठिकाणी की पैसे देऊनही हॉटेल मिळणार नाही. सोयींप्रमाणे त्यांचे प्रकार आहेत. सर्वांत वरच्या प्रकारात फ्लश आणि गरम अंघोळ, खालच्या प्रकारात फक्त लाँग ड्रॉप, म्हणजे खोल खड्ड्यावर बसवलेलं भांडं. पाणी नाही, दिवा नाही. डॉकच्या ज्या जागी नळ असतो तिथलंही पाणी बऱ्याचदा उकळूनच प्यावं लागतं. चिरंजीव पहिल्या लाँग ड्रॉपमधून नाक धरून बाहेर आले. त्यांच्या आजीनं त्यांना सांगितलं की आमच्या वाड्यातला याच्यापेक्षा वाईट होता आणि आम्ही रांगेत उभे राहत होतो.

माउंट कुकच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल हे डॉकचंच कॅम्पिंग आहे. ३७२४ मीटरचा तो डोंगर समोर उभा. फ्लशचे संडास आहेत, वीज नाही, गाडीत अंघोळीचं पाणी मोजकं. नागपूरच्या कुलरच्या माणसांना तिथली रात्र सोसवत नाही, जास्तीच्या रजया घ्याव्या. त्या डोंगराच्या अलीकडे टेकापो तळ्याचं आकाश २०१२ पासून तारे दिसावेत म्हणून अंधारासाठी राखीव आहे, गावातले दिवे झाकून खाली वळवलेले. रात्री तीनला सासूबाईंना बाहेर नेलं, आकाशगंगा दाखवली. परत आल्यावर त्या थेट गाडीतल्या संडासात गेल्या, बिनदिक्कत, आणि मग झोपल्या. दिवसभरात दीड लिटर पाणी प्यायल्या होत्या. ट्रॅव्हल्सच्या प्रवासात मी त्यांना दोन घोटांच्या वर पिताना पाहिलेलं नाही.

पश्चिम किनाऱ्यावर मात्र तळं कितीही सुंदर असो, संध्याकाळी दार उघडं ठेवू नका. सँडफ्लाय नावाची बारीक माशी चावते आणि आठवडाभर खाज राहते.

वेलिंग्टनहून पिक्टनला गाडी जहाजावर चढवताना गॅसचं सिलिंडर बंद करावं लागतं, ते आठवणीनं करा. रात्री कुठे थांबता येतं, डम्प स्टेशन कुठे, संडास कुठे, हे सगळं कॅम्परमेट नावाच्या ॲपवर दिसतं. पण डोंगरात नेटवर्क जातं, तेव्हा आदल्या दिवशी बघून ठेवा आणि अंधार पडायच्या आत जागा धरा. पाटीवर 'नो कॅम्पिंग' असेल तर मग कार्ड हिरवं असलं तरी चालत नाही.

गाडी परत देताना टाक्या रिकाम्या लागतात, नाहीतर सफाईचा वेगळा आकार. ख्राइस्टचर्चला आम्ही सकाळी पार्कातच सगळं उरकून निघालो. गाडी घ्यायला आलेल्या पोरानं टायर, काच, ओरखडे बघायच्या आधी बाहेरचं ते छोटं दार उघडलं, कॅसेट उचलून हलवली, आवाज आला नाही, तेव्हा म्हणाला, "गुड." सासूबाईंनी मला विचारलं, काय म्हणते तो? मी म्हटलं, तुमचं काम पसंत पडलं.