पोर्तोचे जॉर्ज कोस्टा आणि अंधेरीतले दोन हंगाम

गेल्या मंगळवारी, 5 ऑगस्ट 2025 रोजी, पोर्तोतल्या आमच्या प्रयोगशाळेतली सगळी माणसे एकाएकी आपापल्या फोनकडे पाहू लागली आणि मग बराच वेळ कोणी कोणाशी बोलेना. इथल्या एफसी पोर्तो या फुटबॉल क्लबचे जुने कप्तान जॉर्ज कोस्टा यांची हृदयक्रिया क्लबच्या सराव केंद्रातच बंद पडली होती. वय अवघे 53, आणि क्लबच्या व्यावसायिक फुटबॉल विभागाचे संचालक होऊन त्यांना जेमतेम वर्ष झाले होते. जुलैच्या सुरुवातीला पोर्तुगालचा फुटबॉलपटू दियोगो जोटा आणि त्याचा भाऊ मोटार अपघातात गेले, त्या धक्क्यातून पोर्तुगाल अजून सावरलेला नसताना हे दुसरे दुःख येऊन कोसळले. माझ्या तोंडून मात्र आपसूक मराठीत निघून गेले, "अरे, हे तर आपल्या मुंबईचे कोच!"

अर्थ विचारला गेला, मी सांगितला. समोरच्या मुलीने अतिशय सौजन्याने विचारले, "हो का? ते भारतातही होते?" त्या प्रश्नात तुच्छता मुळीच नव्हती आणि कदाचित म्हणूनच तो मला अधिक लागला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांच्या प्रशिक्षक म्हणून झालेल्या प्रवासाला एक छोटी चौकट दिलेली होती आणि तिच्यात रुमेनिया, सायप्रस, गॅबन या नावांच्या रांगेत आपल्या वाट्याला एकच शब्द आला होता, 'इंडिया'. त्यात शहराचे, संघाचे किंवा दोन हंगामांचे नावही नव्हते. गेला आठवडाभर हा एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे आजोबा एफसी पोर्तोचे जन्माचे समर्थक आहेत आणि वर्तमानपत्रातली कात्रणे जाड वहीत चिकटवून ठेवण्याची त्यांना सवय आहे. बुधवारी संध्याकाळी त्यांचे दार उघडेच होते, म्हणून मी आत गेले. इथे प्रशिक्षकाला 'मिस्टर' म्हणण्याची पद्धत आहे, परंतु दोन तासांत आजोबांनी कोस्टांना एकदाही मिस्टर म्हटले नाही. प्रत्येक वेळी 'आमचे कप्तान' असेच म्हणत राहिले. याच शहरात 1971 साली जन्मलेला मुलगा, 1991 साली लिस्बनमध्ये फिगो आणि रुई कोस्टा यांच्या जोडीने युवा विश्वविजेता झाला, मग पोर्तोच्या बचाव फळीच्या मधोमध उभा राहिला आणि जुन्या कप्तानाकडून, ज्वाव पिंतोकडून, आलेली 2 क्रमांकाची जर्सी त्याने अंगावर चढवली, हे सारे ते घरातल्या मुलाविषयी बोलावे तसे सांगत होते. आठ लीग विजेतेपदे, त्यांतली 1995 ते 1999 ही पाच सलग, पोर्तुगालकडून 50 सामने, 2003 साली सेव्हिल्यात यूएफा चषक आणि 26 मे 2004 रोजी गेल्सेनकिर्शेनमध्ये मोनॅकोला 3–0 हरवून उंचावलेला चॅम्पियन्स लीगचा चषक, ही यादी त्यांना तोंडपाठ आहे. त्यांचे टोपणनाव 'बीशू', म्हणजे श्वापद, आणि आजोबा ते उच्चारतात तेव्हा त्यात भीती नसते, लाड असतो.

मला त्यांना एक अवघड प्रश्न विचारायचा होता आणि मी तो विचारला. 1996 साली एसी मिलानविरुद्धच्या सामन्यानंतर मिलानचे लायबेरियन खेळाडू जॉर्ज वेआ यांनी बोगद्यात डोक्याने धडक देऊन कोस्टांचे नाक मोडले होते. त्यासाठी वेआंवर सहा सामन्यांची बंदी आली, परंतु कोस्टांनी आपल्याला वर्णद्वेषी शब्द वापरले, असे वेआंचे म्हणणे होते. कोस्टांनी आरोप नाकारला आणि तो सिद्ध झाला नाही. सावळ्या कातडीने युरोपात राहणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट बाजूला सारून पुढे जाता येत नाही. आजोबांनी वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त त्या वर्षाचे पान उघडून माझ्यापुढे ठेवले, आणि वेआंचे म्हणणे छापलेले कात्रणही त्यांनी तिथे तितक्याच नीट चिकटवलेले होते. एवढा प्रामाणिक चाहता मी आपल्याकडे फार थोड्या घरांत पाहिला आहे.

वहीतली सर्वांत मळलेली पाने 2001–02 च्या हंगामाची आहेत. तेव्हाचे प्रशिक्षक ऑक्ताव्हियो माशादो यांनी कोस्टांना चालू सामन्यातून बाहेर बोलावले आणि कोस्टांनी दंडावरची कप्तानपदाची पट्टी काढून जमिनीवर फेकली. त्यानंतर ज्या माणसाशिवाय या क्लबची कल्पना करता येत नव्हती त्याला उसनवारीवर इंग्लंडमध्ये चार्ल्टनकडे जावे लागले. पट्टी फेकणे चूक होते, असे आजोबा आजही म्हणतात, आणि ज्यांनी त्यांना जाऊ दिले त्यांना क्षमाही करत नाहीत. पुढे जोसे मोरिन्यो आले, त्यांनी 2002 च्या उन्हाळ्यात कोस्टांना परत आणले आणि दोन वर्षांत युरोपातले दोन्ही चषक पोर्तोच्या कपाटात आले. जाऊन परत आलेला कप्तान या शहराला न गेलेल्या कप्तानापेक्षाही जवळचा वाटला असावा, असे मला ती पाने पाहताना वाटले.

त्यानंतर वही एकदम विरळ होते. ब्रागा, मग 2009 साली ज्याला त्यांनी वरच्या लीगमध्ये नेले तो ओल्यानेन्स, अकादेमिका, रुमेनियात क्लुज, जिथून हंगाम संपण्याआधीच त्यांना दूर केले गेले आणि तोच संघ पुढच्याच महिन्यात विजेता ठरला, सायप्रस, 2015 च्या आफ्रिका चषकात गॅबन. ही सारी वर्षे दोन पानांत मावली आहेत. आजोबांच्या लेखी हा माणूस 2005 साली पोर्तो सोडून गेला आणि 2024 साली परतला, मधला काळ म्हणजे केवळ प्रवास. माझे नेमके उलटे आहे. मी त्यांना खेळताना कधीच पाहिले नव्हते. मी पाहिला तो अंधेरीत शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलाच्या कडेला उभा असलेला रुंद खांद्यांचा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, सतत हातवारे करणारा माणूस. नोकरीसाठी परक्या गावी आलेला, भाषा न येणारा आणि तरीही अकरा जणांना ओळीत उभे करू पाहणारा. आज ती ओळख मला पूर्वीपेक्षा अधिक कळते.

त्या 2018–19 च्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीची, म्हणजे कोस्टांच्या संघाची, सुरुवात अडखळत झाली, ऑक्टोबरमध्ये गोव्यात 5–0 असा मार बसला, आणि तरीही त्यांनी संघाला साखळीत तिसऱ्या क्रमांकावर नेले. डिसेंबरात केरळला 6–1 हरवले त्या रात्री मोदू सूगूने एकट्याने चार गोल केले आणि दादा आणि मी वीरा देसाई रस्त्यावरून आझादनगर मेट्रोपर्यंत ओरडत चालत गेलो होतो. फुटबॉल हा मुंबईचा खेळच नव्हे असे इथे मला कोणी समजावू लागले की मी त्यांना ती रात्र सांगते, आणि कूपरेजचे मैदान व रोव्हर्स कप ही नावेही सांगते.

मग 9 मार्च 2019 चा शनिवार आला, दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीतला घरच्या मैदानावरचा पहिला सामना. पहिला गोल आपला झाला आणि त्यानंतर एफसी गोवाने पाच केले. चौथा झाला तेव्हा मी उठले. दादा थांबला, मी थांबले नाही, पाचवा गोल मी दहिसरच्या गाडीत फोनवर पाहिला. निम्मी बाके रिकामी झालीच होती, दुसऱ्या दिवशी सकाळी मला कामावर जायचे होते आणि चार गोल खाल्लेल्या संघाला माझ्या एकटीच्या बसण्याने काय फरक पडणार होता, असे मी तेव्हा म्हटले आणि अजूनही ते सारे खरेच आहे. पण तीनच दिवसांनी, दुसऱ्या सामन्यात, तोच संघ गोव्याच्या घरच्या मैदानावर, फातोर्ड्यात, जाऊन 1–0 ने जिंकला. दोन्ही सामन्यांतल्या एकूण गोलांच्या हिशेबात त्या विजयाला किंमत नव्हती, अंतिम फेरी केव्हाच हातची गेली होती, तरीही तो सामना ते जिंकून आले. पुढच्या वर्षी संघ पाचवा आला आणि मार्च 2020 मध्ये कोस्टा निघून गेले. त्याच गोव्याचे प्रशिक्षक लोबेरा मुंबईत आले आणि 2021 साली चषक मिळाला, तेव्हा आधीच्या माणसाची आठवण काढायला आपल्याला सवड नव्हती.

आपल्याला माणसांना निरोप द्यायला येत नाही, असे मात्र मी ऐकून घेणार नाही. जानेवारी 2019 मध्ये, म्हणजे कोस्टा मुंबईत असतानाच, आचरेकर सर गेले, तेव्हा शिवाजी पार्कात मुलांनी बॅटी उंचावून त्यांना मानवंदना दिली होती. तशी मानवंदना कोस्टांना मुंबईने द्यावी, असे माझे म्हणणे नाही. सरांनी तिथे आयुष्य घातले, यांनी दोन हंगाम. तरी दोन हंगाम म्हणजे काहीच नव्हे, असेही नाही.

गुरुवारी मी पोर्तोच्या घरच्या मैदानाबाहेर, ड्रॅगाव स्टेडियमबाहेर, गेले. निळ्या-पांढऱ्या मफलरांचा ढीग, मेणबत्त्या, फुले, 2 क्रमांकाच्या जर्सी. माझ्यापुढच्या बाईंनी आपल्या गळ्यातला मफलर काढला, दोनदा घडी घातली, अक्षरे वर येतात ना ते पाहिले आणि मगच खाली ठेवला. माझ्याकडे दादाने पाठवलेला मुंबई सिटीचा मफलर होता, तोही निळाच, त्यामुळे ढिगात तो वेगळा दिसला नाही.

काल, सोमवारी, पोर्तोने हंगामातला पहिला सामना गिमाराइशविरुद्ध 3–0 जिंकला आणि आज आजोबा त्याचे कात्रण चिकटवत होते. मी त्यांना ती चौकट काढायला सांगितली. 'इंडिया' या शब्दापुढे त्यांनी पेन्सिलने, इथल्या रीतीप्रमाणे, 'बोंबाइम' असे लिहिले. मी 'मुंबई' म्हटल्यावर ते खोडून 'मुंबई' लिहिले आणि मग विचारले, कोणता सामना लिहू? मी 6–1 सांगणार होते. सांगितला तो 12 मार्च 2019, फातोर्डा, 0–1.