लेबलवरची सगळ्यात बारीक ओळ

मोकळा शनिवार हाती लागला की मी शहरातल्या खासगी आर्ट गॅलऱ्या पालथ्या घालतो. तिकीट नसतं, काही विकत घेणार का असं कोणी विचारत नाही. प्रदर्शनं साधारण महिना-दीड महिन्यात उतरतात, त्यामुळे ‘पुढच्या वेळी बघू’ म्हटलं की ते काम बहुधा हुकतंच.

माझी नोकरी छपाईतली. चित्रासमोर उभा राहिलो की आधी कागदाकडे लक्ष जातं, मग लेबलवरच्या साहित्याच्या ओळीकडे. दाराशी भिंतीवर लावलेलं मोठं निवेदन मी शेवटी वाचतो. स्मृती, अवकाश आणि विस्थापन ही मंडळी तिथे हमखास हजर असतात आणि कुठल्याही प्रदर्शनाला चालून जातात. लेबल मात्र मुद्द्याचं बोलतं: कागदावर पिगमेंट इंक, इतके बाय इतके सेंटिमीटर, ३/५. म्हणजे पाच प्रतींपैकी तिसरी.

परवा पहिल्याच गॅलरीत ड्रायपॉइंट होते, म्हणजे धातूच्या पत्र्यावर सुईने ओरखडून छापलेली चित्रं, आणि तिथून पाय निघेना. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडा काढला की त्याच्या कडेला धातूची बारीक लव उभी राहते. शाई त्या लवेत अडकते, म्हणून रेघ मखमली उमटते. पण प्रेसचा दाब पडेल तशी लव दबत जाते आणि थोड्याच प्रतींनंतर रेघ कोरडी, तारेसारखी येऊ लागते. प्रती किती काढायच्या हे तिथे पत्राच ठरवतो. पुढच्या गॅलरीत मोठाले इंकजेट प्रिंट होते, त्यांवरही तसेच अपूर्णांक. फाइल काही झिजत नाही; पाचवी प्रत पहिलीसारखी आणि पाचशेवीही तशीच निघेल. तो ५ म्हणजे चित्रकाराने गिऱ्हाइकाला दिलेला शब्द. बाजार अशा शब्दावरच चालतो, यात फसवणूक नाही. तरी ड्रायपॉइंटवरच्या आकड्याला जे वजन आहे ते या आकड्याला नाही, असं माझ्यातला छपाईवाला म्हणतोच.

तिसऱ्या ठिकाणी कोपऱ्यात मिठाचा ढीग होता. लेबलवर ‘आकार जागेनुसार’. शेजारी उभी असलेली एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, “हे तर मीपण केलं असतं.” केलं असतं, खरंच. पण अशा कामात विकली जाते ती सूचना. अमेरिकन चित्रकार सोल लेविट १९६८पासून भिंतीवरची चित्रं अशीच करत होता: घेणाऱ्याला प्रमाणपत्र आणि आराखडा मिळायचा, रेघा दुसऱ्यांनी ओढायच्या, प्रदर्शन संपलं की भिंत रंगवून टाकायची. फेलिक्स गोन्झालेस-टोरेसने १९९१ साली रंगीत कागदात गुंडाळलेल्या खाऊच्या गोळ्यांचा ढीग मांडला, आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे जवळपास ७९ किलो. प्रेक्षकांनी गोळ्या उचलायच्या, ढीग घटत जाणार, तो पुन्हा भरता येतो. त्याचा जोडीदार रॉस त्याच वर्षी एड्सने गेला होता आणि शीर्षकात ते नाव आहे. ७९ किलो म्हणजे एका माणसाचं वजन; तिथे हा आकडा काढून टाकला तर उरतात नुसत्या गोळ्या. मिठाच्या ढिगाला मी असाच एखादा आकडा शोधत होतो. लेबलवर नव्हता. निवेदनात ‘स्मृती’ होती.

मधल्या दोन गॅलऱ्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. फ्रेमा छान होत्या.

शेवटच्या दालनात व्हिडिओ. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात झालेल्या, २००१ साली छापून आलेल्या एका पाहणीत लोक एका कलाकृतीसमोर सरासरी २७.२ सेकंद थांबत असल्याचं दिसलं होतं. व्हिडिओचं या सवयीशी जमणं कठीण. लोक मध्येच येतात, मध्येच जातात. ख्रिश्चन मार्क्लेचं २०१० सालचं ‘द क्लॉक’ तर २४ तासांचं आहे. पडद्यावरचं घड्याळ आणि आपल्या मनगटावरचं एकच वेळ दाखवतात, त्यामुळे कुठूनही शिरलं तरी चालतं. इथलं काम तसं नव्हतं. त्याला सुरुवात होती, लेबलवर लांबी दिली होती ४२ मिनिटं, आणि बसायला पाठ नसलेला लाकडी बाक. मी पूर्ण पाहिलं, चांगलं होतं. पण तो बाक ज्याने निवडला त्याने ते सलग बसून पाहिलं असेल, यावर माझा विश्वास नाही.