मतलई वाऱ्यावर आलेलं तणनाशक

फोनवर काकींची विचारणा एवढीच होती: टोमॅटो, वांगी, चवळी, भोपळा, सगळ्यांवर दोन दिवसांत चुरडामुरडा आलाय, कुठलं औषध मारू? अशा वेळी औषधाचं नाव सांगायची घाई करू नये. टोमॅटोचा पर्णगुच्छ, म्हणजे पानं वळवणारा विषाणू रोग, पांढरी माशी पसरवते आणि बागभर व्हायला तो वेळ घेतो. तीन वेगवेगळ्या कुळांतली पिकं एकाच सकाळी एकाच तऱ्हेने वाकडी करील असा रोग कुठे दिसत नाही. "काकी, काही मारू नका, येतोय," एवढंच सांगितलं.

जागा गुहागर तालुक्यातली, किनाऱ्यालगतच्या कुठल्याही वाडीत असते तशीच. पश्चिमेला रस्ता आणि माड, मग घर, घरामागे पूर्वेला दीडेक गुंठ्याची परसबाग, तिच्या कडेला चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आणि पलीकडे चढावर आंब्याची कलमं. नोव्हेंबर महिना. कलमांखाली रानमोडीचं तण माजलेलं. मोहोर यायच्या आत बाग साफ हवी म्हणून मुंबईत राहणाऱ्या मालकांनी गडी लावून फवारणी करून घेतली होती. "काय मारलंन ते आम्हाला कुठे सांगितलंन," काकी म्हणाल्या.

अशा ठिकाणी आजारी झाड आधी बघायचं नसतं, आधी पूर्ण बाग बघायची. गडग्यालगतचा वाफा सगळ्यांत वाईट होता, घराकडे येताना नुकसान कमी कमी होत गेलेलं. पंपाच्या खोपीच्या आडोशाला चवळीचे चार वेल होते, ते अगदी ठणठणीत. एका दिशेने पातळ होत जाणारं नुकसान आणि आडोशामागची धडधाकट झाडं दिसली की काहीतरी हवेतून आलंय हे नक्की. दुसरी खूण मक्याची. पिळवटलेल्या टोमॅटोच्या शेजारीच मक्याची ओळ सरळ, हिरवीगार उभी होती. मका गवताच्या कुळातला, म्हणजे रुंद पानांच्या झाडांवरच चालणारं काहीतरी.

मग पान हातात घेतलं. टोमॅटोचे देठ खाली वळलेले, शेंडा पिळलेला, खोडाला मध्येच बाक आलेला. यानंतर फुटणारी पानं अरुंद येतात, कडा आत वळलेल्या, आणि शिरा एरवी फाकतात तशा न फाकता कंगव्याच्या दातांसारख्या समांतर, दाटीने. पान उलटून भिंगातून पाहिलं तर पांढरी माशी नाही, लाल कोळी नाही. ही २,४-डी या तणनाशकाची लक्षणं. पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक असतं तर एका दिवसात थेंब पडला तिथेच जळका डाग दिसला असता आणि नंतर फुटणारी पालवी स्वच्छ आली असती. ग्लायफोसेट हे तिसरं, ते पहिले चार-पाच दिवस काहीच दाखवत नाही, मग कोवळ्या पानाचा बुडखा फिकट पिवळा पडतो, आणि ते मक्यालाही सोडत नाही.

गडग्यापलीकडे रिकामी बाटली सापडली: २,४-डी इथाइल एस्टर, ३८ टक्के ईसी (तेलकट द्रावण). यातला 'एस्टर' शब्द महत्त्वाचा. हेच रसायन अमाइन क्षाराच्या रूपातही मिळतं, ५८ टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रावण). अमाइन पाण्यात विरघळून पारदर्शक राहतं, एस्टर पाण्यात टाकलं की दुधाळ होतं. फरक रंगापुरता नाही. एस्टरची वाफ होते. फवारा वाळल्यावरही उन्हं तापली की ते पानावरून उडतं आणि शेजारच्या भाजीपर्यंत पोचतं. भाजीच्या शेजारी एस्टर वापरूच नये.

फवारणारा गडी भेटला. त्याचं म्हणणं, "सकाळी सातला मारलं, वारा पानभर पण हलत नव्हता." तो खोटं बोलत नव्हता. घोळ तिथेच आहे. किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे मतलई वारा वाहतो, जमिनीकडून समुद्राकडे. उतारावरून थंड हवा हळूहळू खाली सरकते, झाडाचं पान हलवण्याइतका जोर तिच्यात नसतो. जमिनीजवळ थंड थर आणि वर उबदार, अशा हवेत बारीक थेंब ना वर जातात ना खाली बसतात, तरंगत उताराला लागतात. उतार सरळ काकींच्या वाफ्यावर येतो. साधारण दहा-अकरानंतर वारा फिरतो, खारा वारा समुद्राकडून वर चढू लागतो. त्या वेळी हेच औषध मारलं असतं तर फवारा बागेकडून उलट वर, कलमांकडेच गेला असता. फार उशीरही नको, दुपारी वारा जोर धरतो. वारा स्थिर झाल्यावर, ताशी दहा किलोमीटरच्या आत असताना, म्हणजे चेहऱ्याला वारा जाणवतो, पानं सळसळतात, पण बारीक फांद्या सतत हलत नाहीत तोवर काम उरकावं. दिशा बघायला उदबत्तीचा धूर पुरतो. आणि पूर्ण शांत सकाळ ही तणनाशकाला चांगली वेळ असते हा समज आधी डोक्यातून काढावा.

बाकीच्या चुका नेहमीच्या. तुडतुड्यांसाठी वापरतात तोच होलो कोन नोझल, बॅटरीचा पंप पूर्ण दाबावर, आणि रानमोडी उंच म्हणून नळी खांद्याच्या वर. होलो कोनमधून धुक्यासारखा फवारा निघतो, दीडशे मायक्रॉनच्या आतले थेंब लांब जातात. तणनाशकाला फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट (पंख्यासारखा पसरट फवारा देणारं) नोझल, दाब कमी, नोझल तणापासून हात-दीड हातावर, शक्यतो प्लास्टिकचं हूड लावून. माणूसभर वाढलेली रानमोडी फवारायचीच नसते. आधी कोयत्याने किंवा ग्रासकटरने कापायची, नवी फूट गुडघ्याखाली असताना मारायचं.

आता बागेचं काय? २,४-डीवर उतारा नाही. फवारा येताना दिसला तर लगेच, पान वाळायच्या आत, भरपूर पाण्याने धुतल्याचा उपयोग होतो. इथे दोन दिवस उलटले होते. दुकानातली संजीवकं मारू नका, हेही बजावून सांगितलं, कारण २,४-डी स्वतःच झाडाच्या वाढ-संप्रेरकाची नक्कल करतं, त्यावर आणखी तसलंच काही ओतणं म्हणजे पैसे घालवणं. लाल माठ आणि मुळ्याचा पाला पूर्ण उपटायला लावला. या भाज्यांसाठी ते औषधच नाही, त्यामुळे किती दिवसांनी खावं हे कुठल्याही लेबलावर नसतं. उपटलेलं गुरांना घालायचं नाही, खतात टाकायचं नाही. गडग्यालगतच्या दोन ओळी काढल्या. घराजवळची वांगी ठेवली: फक्त वरची दोन-तीन पानं वळलेली, खोड सरळ, अशी झाडं नियमित पाण्यावर नवी फूट काढतात. त्यांवर आधीच धरलेली वांगी मात्र तोडून टाकली.

माती किती बिघडली ते करवंटीत कळतं. वाफ्यातली माती एका करवंटीत, दुसरीकडची स्वच्छ माती दुसरीत, दोन्हींत चवळीचे चार-चार दाणे. दोन आठवड्यांनी पहिली तीन पानं दोन्हीकडे सारखी सरळ आली तर पुन्हा लावायला हरकत नाही. ओल्या, उबदार मातीत २,४-डी काही आठवड्यांत विघटित होतं.

आडोशाला काकींना पत्रे उभे करायचे होते. भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरा होऊन खाली येतो, थेंब नेमके वाफ्यात. निम्मी हवा जाऊ देणारा आडोसा बरा: माणसाहून उंच ५० टक्क्यांची शेडनेट, किंवा माडाचे झाप थोडे विरळ बांधून. कायमचं हवं तर गडग्यालगत गिरिपुष्पाच्या फांद्या हातभर अंतरावर. फवारणीच्या दिवशी प्लास्टिक ताडपत्री कोवळ्या रोपांवर, पण काम संपल्यावर लगेच काढायची, नाहीतर रोपं उकडून जातील. सुती चादर नको, ती भिजते आणि पानाला टेकते.

तक्रारीचा विषय निघाला. त्यासाठी मका आणि टोमॅटो एकाच चौकटीत येईल असे फोटो, फवारणीची तारीख-वेळ, बाटलीचं लेबल आणि सहाय्यक कृषी अधिकाऱ्याचा (पूर्वीचे कृषी सहाय्यक) पंचनामा, हे पहिल्या काही दिवसांतच व्हायला हवं. पण मालकांना फोन लावला तर ते सरळ म्हणाले, रोपांचे पैसे देतो, पुढे काय करायचं ते सांगा. ठरलं ते असं: गडग्यापासून पंधरा फूट पट्टा औषधाविना, ग्रासकटरने, उरलेल्यात अमाइनच, तेही खारा वारा लागल्यावर, आणि आदल्या दिवशी काकींना निरोप.

निघताना गड्याचा पंप उघडून पाहिला. त्याच पंपाने महिन्याभरात मोहोरावर कीटकनाशक मारायचं होतं. एस्टर तेलकट, टाकीला आणि रबरी वॉशरला धरून राहतं, नुसत्या पाण्याने जात नाही. धुण्याचा सोडा घातलेलं पाणी रात्रभर टाकीत आणि नळीत भरून ठेवायचं, सकाळी नोझलमधून काढायचं, मग तीनदा साधं पाणी, सगळं विहिरीपासून लांब. तरी मी त्याला वेगळाच पंप घ्यायला सांगितलं, आणि टाकीवर लाल रंगाने 'तण' लिहायला.