बाटलीवरची रेघ

नाईटला हँडओव्हर घेताना मी आधी ड्रेनची, म्हणजे ऑपरेशननंतर छातीत साचणारं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीची बाटली बघते, मग मॉनिटर. त्या रात्री पाच आणि सहा नंबरच्या बेडवर दोन बायपास होते. दोन्ही त्याच दुपारी झालेले, पण सर्जन वेगळे, त्यामुळे ड्रेनही वेगळे. पाच नंबरला 32 फ्रेंचच्या दोन ताठ नळ्या, छातीतल्या टोकाला बाजूने भोकं पाडलेल्या. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा जाडी झाली पावणेअकरा मिलिमीटरच्या आसपास. सहा नंबरला 24 फ्रेंचचे मऊ सिलिकॉनचे ड्रेन. त्यांना भोकं नसतात. अंगभर चार लांब खाचा असतात आणि रक्त त्यांतून वाहत येतं.

खरं सांगते, त्या मऊ ड्रेनवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. एवढ्याशा खाचांतून गाठी निघणार कशा? त्यामुळे सारखी जाऊन बघत होते ती सहा नंबरची बाटली.

पाच नंबरच्या बाटलीत तासातासाला येणारं रक्त होतं 150, 130, 110 मिलिलीटर. नऊ वाजता वाकून पाहिलं, तर रक्त आठ वाजता मारलेल्या रेघेवरच. रेसिडेंट डॉक्टर खूश. "सिस्टर, ब्लीडिंग थांबलं की!"

मला ते पटेना. रक्त थांबत येतं तेव्हा 110 चे 70 होतात, मग 40, आणि हळूहळू रंग फिका पडतो. इथे एकदम शून्य, आणि नळीत होतं ते तसंच गडद लाल.

साडेनऊपर्यंत सीव्हीपी, म्हणजे हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब, 9 वरून 16 वर गेला, वरचं प्रेशर 85 वर आलं आणि तासाला 60 होणारी लघवी 15 वर. प्रेशर वाढवणारं नॉरअॅड्रेनालिन वाढवत होतो, पण प्रेशर धरत नव्हतं. मी नळी पार छातीपासून बाटलीपर्यंत तपासली. कुठे पीळ नाही, अंगाखाली दबलेली नाही, सक्शन उणे 20 वर. दिसत होती तेवढी नळी मोकळी होती. जी दिसत नव्हती, तिचंच काहीतरी बिनसलं होतं.

"स्ट्रिप करून बघू?" डॉक्टरांनी विचारलं. चिमटीत दाबून नळी ओढत न्यायची, ही जुनी खोड. त्या ओढीने आत क्षणभर पाण्याच्या उणे 400 सेंटीमीटरपर्यंत दाब जाऊ शकतो (सक्शनचे उणे 20 याच मापात), तोही ताज्या ग्राफ्टच्या, म्हणजे बायपाससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीच्या शेजारी. मी म्हटलं, "नको डॉक्टर, सरांना फोन लावा. टॅम्पोनाड वाटतोय." म्हणजे साचलेल्या रक्ताने हृदय दाबलं जाणं.

एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, पण व्हेंटिलेटर आणि ड्रेसिंगमुळे धड काही दिसलं नाही. सरांनी आकडे बघितले आणि एकोची वाट न बघता पेशंट थिएटरमध्ये घेतला. उजव्या कर्णिकेला दाबून बसलेली मोठी गाठ निघाली. नळीची भोकं रक्ताच्या गाठींनी गच्च बुजलेली होती. ग्राफ्टच्या एका बारीक फांदीतून रक्त येत होतं, तिथे क्लिप लावली. गाठ काढताक्षणी प्रेशर वर आलं, असं थिएटरमधली सिस्टर म्हणाली.

सहा नंबर तोवर 80, 60, 40 असा शिस्तीत उतरत होता. त्याला मुळात रक्तच कमी जात असेल, हेही खरं. मऊ ड्रेनही बुजतात, ते मी नंतर पाहिलं आहे. आतल्या तारेने गाठी सरकवून नळी मोकळी ठेवणारे ड्रेन निघालेत, पण ते आमच्या हातात अजून आलेले नाहीत. त्या रात्रीनंतर माझ्यात बदल झाला तो एवढाच, की जाड नळी दिसली म्हणून मी निर्धास्त होत नाही.

पाच नंबर परत आला तेव्हा पुढे एक जुन्या पद्धतीची जाड नळी होती आणि हृदयाच्या मागे एक मऊ ड्रेन. ताठ नळी तिथे टोचली असती. तिसऱ्या दिवशी दोन्ही काढले. काढण्याआधी मी काकांना श्वास रोखायला लावला. नंतर विचारलं, "कुठली जास्त दुखली?"

"पहिली," काका म्हणाले. "दुसरी काढलीत का?"