पावती नाशिकची, शिक्क्यासह

आफ्रिकेत, मलावीतल्या ब्लँटायरमध्ये भारतीय चेहरा दिसला की लोक धरूनच चालतात, याचं लिंबेत, म्हणजे शहराच्या व्यापारी भागात, दुकान असणार. त्यांचं तरी काय चुकलं? लिंबेतली कितीतरी दुकानं गुजराती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या चालवत आली आहेत. त्यामुळे मी, एक 'म्वेन्ये', म्हणजे भारतीय माणूस, चर्चचा पाळक म्हणून वेदीपाशी उभा राहिलो की पुढच्या बाकांवरचे वडीलधारे जरा सावरून बसायचे. एका पोराने उपासना संपल्यावर विचारलंच, "अबुसा, रविवारी दुकान कोण बघतं?" अबुसा म्हणजे पाळकसाहेब.

मलावीचं हे शहर स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८७६ साली वसवलं आणि त्याला आफ्रिका पालथी घालणाऱ्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या जन्मगावाचं नाव दिलं. त्यांचं सेंट मायकेल अँड ऑल एंजल्स हे लाल विटांचं देऊळ १८९१ साली पुरं झालं. ते बांधणाऱ्या पाळकाने वास्तुशास्त्राचं शिक्षण घेतलं नव्हतं. स्थानिक कारागिरांना हाताशी धरून नाना आकारांच्या विटा घडवत त्याने ते उभं केलं. कुणी ब्लँटायरला आलंच तर तासभर तिथे नक्की काढावा.

पण मला स्कॉटलंडपेक्षा नाशिक जवळचं. मी शरणपूरचा. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने तिथे आश्रम चालवला होता. सुतारकाम, लोहारकाम शिकून ती मुलं मोठी झाली. त्यातलाच एक जेकब वेनराईट, जन्माने याओ जमातीचा, म्हणजे मलावीच्या सरोवराकडचा. लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये वारला तेव्हा ज्या झाडाखाली त्याचं काळीज पुरलं, त्या झाडावर अक्षरं कोरली ती याने. पुढे कित्येक महिने चालत ते प्रेत किनाऱ्यावर नेणाऱ्यांत तो होता आणि लिव्हिंगस्टनचा सोबती चुमाही होता. चुमाही याओच. त्याचा बाप्तिस्मा १८६५ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या हातून झाला होता.

हे मी एका घरगुती प्रार्थनासभेत सांगितलं. चर्चचे एक वडीलधारे शांतपणे म्हणाले, "म्हणजे आमची पोरं तुमच्याकडे जेवली. आता तुम्ही बसा." माझ्या तिथल्या सगळ्या राहण्याचा हिशेब त्यांनी दोन वाक्यांत मांडला.

आणि मी बसलो, तेही भुकेच्या दिवसांत. मलावीत मका एप्रिल-मेमध्ये हाती येतो. त्याआधी, साधारण डिसेंबर ते मार्च, शेतं हिरवीगार आणि कणग्या रिकाम्या. बाहेरून आलेल्याला वाटतं, काय सुकाळ आहे! प्रत्यक्षात कितीतरी घरांत एकच वेळ चूल पेटते. अशाच दिवसांत एका विधवा आजींकडे गेलो. नातीने तांब्यासारख्या भांड्यातून आमच्या हातांवर पाणी घातलं. पुढे न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि कोंबडीचा रस्सा. आत मुलांसाठी शेंगदाण्याचं कूट लावलेली भोपळ्याच्या पानांची भाजी शिजत होती, ती मी दारातूनच पाहिली होती.

आपल्याकडे अशा वेळी आधी 'नको, नको' म्हणायचं असतं, मग यजमानाने आग्रह करायचा, मग थोडं वाढून घ्यायचं. इथे हा खेळ नाही. 'नको' म्हणजे तुमचं घर नको. मी तोंड उघडलं तसं सोबतचे वडीलधारे हळूच म्हणाले, "अबुसा, कोंबडी कापून झाली आहे." पुढे बोलण्यासारखं काही उरलंच नाही. जेवलो. भांड्यात बरंच शिल्लक ठेवलं. ते मुलांचं असतं, हे तोवर कळलं होतं. निघताना आजी निम्म्या वाटेपर्यंत सोडायला आल्या आणि शेंगांचं गाठोडं हातात दिलं. जवळ होत्या तेवढ्या दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, देवाला वाहणाऱ्या बायबलातल्या विधवेवर मी कितीदा प्रवचन केलं आहे. पण त्या टोल्या ज्याच्या ताटात पडतात त्याने काय करावं, हे मार्कच्या शुभवर्तमानात दिलेलं नाही.

मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं. सहा महिन्यांचा पाऊस सहा दिवसांत कोसळला. ब्लँटायरच्या सोचे टेकडीचा चिखल आणि दगड चिलोब्वेच्या वस्तीवर घसरले. देशभरात मृत आणि बेपत्ता मिळून हजाराच्या वर माणसं गेली. शाळांमधून छावण्या झाल्या. आम्ही पीठ, बादल्या, साबण वाटायला लागलो. मला सगळ्यात जड गेलं ते उपकार मानून घेणं. बायका गुडघे टेकून, दोन्ही हात पुढे करून, हलकी टाळी वाजवून वस्तू घ्यायच्या. माझ्यासमोर कुणी गुडघे टेकावेत? अंग चोरून उभा राहायचो मी. पण संध्याकाळी बघितलं, त्याच बायकांनी साबणाची लांब वडी दोऱ्याने कापून शेजारणींना तुकडे दिले आणि शेजारणींनी ते तस्सेच घेतले, गुडघे टेकून, टाळी वाजवून. तेव्हा कुठे माझं अवघडलेपण गेलं. तो मान माझा नव्हताच.

त्याच सुमारास अवकाळी पावसाने आणि गारपिटीने नाशिक जिल्ह्यातला कांदा झोडपून काढला. घरून फोन आला होता, म्हणून सकाळच्या प्रार्थनेत मी आमच्याकडच्या शेतकऱ्यांची नावं घेतली. पुढच्या आठवड्यात म्वानोच्या, म्हणजे महिला मंडळाच्या, अध्यक्षा आणि खजिनदार दारात हजर. हातात क्वाचाच्या नोटांची पुरचुंडी. कांद्याचं नुकसान झालेल्या भावंडांसाठी वर्गणी! त्यांच्यातल्या दोघींची घरं अजून ताडपत्रीखाली होती.

मी अडचण सांगितली: क्वाचा भारतात कुणी बदलून देत नाही. त्यावर त्यांनी दारातच आपसात खल केला आणि ठरवलं की या पैशांचा थ्योलोचा, म्हणजे इथल्या मळ्यांतला, चहा घ्यायचा, मी तो सुटीत घेऊन जायचा, आणि तिथल्या मंडळीने, म्हणजे चर्चने, तो विकून पैसे वाटायचे. नाशिककरांनी आफ्रिकेतला चहा विकत घ्यायचा, हे माझ्या डोळ्यांसमोर येईना, पण मान हलवली. अध्यक्षा खूश झाल्या. खजिनदारबाई मात्र हलल्या नाहीत. तुमच्या मंडळीची पावती लागेल, म्हणाल्या, आणि तिच्यावर शिक्का हवा.