ताई, एवढी एक सही कर

श्रीमंत घरातलं भांडण वर्तमानपत्रात येईपर्यंत शिळं झालेलं असतं. खरा दगा त्याच्या कितीतरी आधी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात उरकलेला असतो. वडिलांचं तेरावं होतं आणि भाऊ म्हणतो, "ताई, सोसायटीला कागद द्यायचेत, एवढी एक सही कर." तो कागद हक्कसोडपत्र असतो, म्हणजे मालमत्तेतला आपला वाटा सोडून दिल्याचा दस्त. शिवाजी पार्कचा फ्लॅट, पार्ल्याचा बंगला, अलिबागची वाडी, सगळं शेवटच्या पानावरच्या परिशिष्टात. शिकलेल्या बहिणीही माहेर तुटेल या भीतीने ते पान उलटत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

परिशिष्ट आधी वाचा. मग मोबदल्याचं कलम. पैसे देतो असं तोंडी ठरलं असेल तर रक्कम कागदातच हवी; नोंदणी झालेल्या दस्तापुढे तोंडी शब्द टिकवणं फार अवघड. सोबत कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, सरकवलेलं असेल तर त्या दिवशी सही करूच नका.

वाटा किती? हिंदू कुटुंबात मालमत्ता वडिलांची स्वकष्टार्जित आणि मृत्युपत्र नाही, तर आई, भाऊ, बहीण यांना प्रत्येकी 1/3. वडिलांची आई हयात असेल तर 1/4. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मापासून. वडील हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीआधी वारले असले तरी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र पुन्हा उघडत नाही. आणि भाऊ नॉमिनी आहे म्हणून तो मालक होत नाही, फ्लॅटचाही नाही आणि शेअर्सचाही नाही.

फसवणूक कळली की पहिला राग फेसबुकवर निघतो. तो आवरा. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तुमचीच पोस्ट समोरचा वकील कोर्टात ठेवतो. धीरूभाई अंबानी 2002 मध्ये मृत्युपत्र न करता गेले. भावांचा वाद देशभर गाजला, पण वाटणी झाली ती जून 2005 मध्ये आईने घडवलेल्या समझोत्याने.

त्याऐवजी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स-2, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, शोधा, दस्ताची प्रमाणित प्रत काढा. सोसायटीच्या सेक्रेटरीला हरकतीचं पत्र द्या, पोच घ्या. विकत घेणाऱ्याचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. हरकतीला बहुधा 14 दिवसच असतात, म्हणून त्या काळात नोटिसांचं पान रोज बघा.

दावा लावल्यावर बहुतेकजण निर्धास्त होतात आणि मुंबईत नेमकं तिथेच फसतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 प्रमाणे दावा चालू असताना झालेली विक्री निकालाला बांधील असते. पण बृहन्मुंबईतल्या मिळकतीसाठी 1939 च्या दुरुस्तीने एक अट घातली आहे: दावा प्रलंबित असल्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, स्वतंत्रपणे नोंदवलेली हवी. तिच्यात मालकाचं नाव-पत्ता, मिळकतीचं वर्णन, न्यायालय, दाव्याचं स्वरूप व शीर्षक, आणि दाखल केल्याची तारीख लागते. ती नोंदवली नाही तर भाऊ फ्लॅट विकून मोकळा होतो, आणि घेणाऱ्याला कलम 52 खाली अडवता येत नाही.

दस्त रद्द करून घ्यायला मुदत तीन वर्षांची, फसवणूक कळल्या दिवसापासून. प्रमाणित प्रत मिळाल्याची पावती म्हणूनच जपून ठेवा. तारखेवरून वाद झाला की तीच उपयोगी पडते.